हायडेलबर्गचा बिनपगारी साहाय्यक

१९०९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोविकार रुग्णालयात सव्वीस वर्षांचा एक डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाला. पगार नाही, रात्रपाळी नाही, एखाद्या वॉर्डाची कायमची जबाबदारी नाही. डॉक्टरांच्या फेरीत आणि चर्चांत भाग घ्यायचा, आपल्याला हवे ते रुग्ण तपासायचे, ग्रंथालयात वाचत बसायचे आणि थकवा आला की घरी जाऊन आडवे व्हायचे, एवढाच त्याचा करार. अशी सवलत कोणत्याही रुग्णालयात सहकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपण्याचीच शक्यता अधिक. पण या तरुणाला ती मिळाली, कारण तो स्वतःच रुग्ण होता, आणि वैद्यकशास्त्राच्या त्या वेळच्या समजुतीप्रमाणे तो तिशीच्या पलीकडे फारसा जगणार नव्हता. चारच वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याने लिहिलेला ‘सामान्य मनोविकृतिशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही गंभीर मानसिक आजाराचा अभ्यास करणाऱ्याला त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्या तरुणाचे नाव कार्ल यास्पर्स.

आपल्याकडे यास्पर्स हे नाव ऐकू येते ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात, अस्तित्ववादाच्या प्रकरणात, हायडेगर आणि सार्त्र यांच्या जोडीने. ते मुळात मनोविकारतज्ज्ञ होते, ही गोष्ट तेथे एका ओळीत उरकली जाते. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील ही सहा-सात वर्षे इतकी भरगच्च आहेत, की पुढच्या तत्त्वज्ञाची बीजे शोधायची तर ती तेथेच शोधावी लागतात.

यास्पर्स यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८८३ रोजी उत्तर समुद्राजवळच्या ओल्डेनबुर्ग या गावी झाला. वडील कायद्याचे पदवीधर, प्रथम सरकारी अधिकारी आणि नंतर एका बँकेचे संचालक. आई त्याच भागातील शेतकरी घराण्यातली. घरात स्वातंत्र्य भरपूर आणि धार्मिक कर्मकांड जवळपास नाही. शाळेत विद्यार्थ्यांच्या मंडळांत सामील व्हायला नकार दिल्यामुळे मुख्याध्यापकांशी बिनसले आणि वर्गमित्रही दुरावले. त्यात लहानपणापासून सततचा खोकला आणि धाप. अठराव्या वर्षी आल्बर्ट फ्रेन्केल या डॉक्टरांनी निदान केले, की श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत, त्यांत पू साठतो आणि हृदयावरही ताण येतो. प्रतिजैविके अजून चार दशके दूर होती. यास्पर्स यांनी या रोगाविषयीचे जुने वैद्यकीय लेखन मिळवून वाचले आणि त्यात आपले भविष्यही वाचले.

मग त्यांनी एक दिनक्रम आखला आणि तो अखेरपर्यंत पाळला. ठरावीक वेळी पडून राहून कफ काढून टाकायचा, दगदग टाळायची, प्रवास आणि मैफली शक्यतो वर्ज्य, लिखाण बरेचसे कोचावर पडून. मर्यादित शक्तीत काय साधता येईल याचा हिशेब त्यांनी फार लवकर मांडला. तीन सत्रे कायद्याची पुस्तके चाळल्यावर ते वैद्यकाकडे वळले. बर्लिन, ग्योटिंगेन आणि हायडेलबर्ग अशी वाटचाल करीत १९०८ मध्ये ते डॉक्टर झाले. बिनपगारी काम करणे शक्य झाले ते वडिलांच्या पाठबळामुळे, ही बाब नोंदवून ठेवलेली बरी. संशोधनाच्या इतिहासात वडिलांच्या पाकिटाचा उल्लेख सहसा गाळला जातो.

डॉक्टरेटसाठी त्यांनी निवडलेला विषय विलक्षण होता: घराची ओढ आणि गुन्हा. खेड्यापाड्यांतून कोवळ्या वयाच्या मुली परक्या घरी मूल सांभाळायला किंवा मोलकरीण म्हणून पाठवल्या जात. त्यांतली एखादी मुलगी, जिच्या वागण्यात कालपर्यंत काही खोट नव्हती, मालकाच्या घराला आग लावी किंवा सांभाळायला दिलेल्या तान्ह्या बाळाचा जीव घेई. विचारले तर तिला एवढेच सांगता येई, की घरी जायचे होते. न्यायालय डॉक्टरांना विचारी, की ही मुलगी वेडी आहे की दुष्ट? यास्पर्स यांनी जुन्या नोंदी गोळा केल्या, स्वतः तपासलेल्या मुलींची हकीकत त्यांत घातली आणि प्रत्येकीचे आयुष्य सविस्तर लिहून काढले. कोणत्या घरातून आली, किती दिवस रडत होती, घरी पाठवलेल्या निरोपाचे काय झाले, हे सारे त्यात आले. एका शब्दाचा शिक्का मारून त्यांना मोकळे व्हायचे नव्हते. आई-वडिलांना सोडून शहरात घरकामाला आलेल्या मुली आपल्यालाही अपरिचित नाहीत. त्यामुळे हा प्रबंध वाचताना वाचक तटस्थ राहू शकत नाही.

हायडेलबर्गचे ते रुग्णालय साधे नव्हते. १८९१ ते १९०३ या काळात तेथे एमिल क्रेपेलिन प्रमुख होते. हजारो रुग्णांच्या आजारांचा प्रवास कार्डांवर नोंदवून त्यांनी गंभीर मनोविकारांची दोन मोठ्या गटांत विभागणी केली: एकीकडे उन्माद आणि विषण्णता यांचे झोके, दुसरीकडे हळूहळू व्यक्तिमत्त्व पोखरत नेणारा आजार, ज्याला १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवले आणि जो मराठीत छिन्नमनस्कता म्हणून ओळखला जातो. क्रेपेलिन म्युनिकला गेले, तरी त्यांच्या वर्गीकरणाचा दरारा मागे राहिला होता. यास्पर्स आले तेव्हा प्रमुख होते फ्रान्झ निस्ल. मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसाव्यात म्हणून विद्यार्थिदशेतच रंगाची पद्धत शोधणारे हे निस्ल. मनाचे आजार म्हणजे मेंदूचे आजार आणि मेंदू नीट पाहिला की उलगडा होईल, ही त्या पिढीची श्रद्धा. आणि रुग्णांसाठी काय होते? तासन्‌तास कोमट पाण्याच्या टबात बसवणे, अंथरुणात विश्रांती, झोपेची औषधे. खऱ्या अर्थाने उपचार म्हणावा असे काहीच नव्हते.

रुग्णालयातील चर्चांत कार्ल विल्मान्स, हान्स ग्रूले यांच्यासारखे बुद्धिमान सहकारी असत. भांडणे कडाक्याची होत, पण मोकळी. नवख्या यास्पर्स यांच्या लक्षात आले, की एकाच रुग्णाविषयी बोलताना प्रत्येक जण वेगळी भाषा बोलतो आहे. कोणी मेंदूच्या भागांविषयी बोलतो, पण ते भाग कोणी पाहिलेले नसतात. कोणी आनुवंशिकतेविषयी बोलतो, पण घराण्याची माहिती ऐकीव असते. कोणी बालपणीच्या दडपलेल्या इच्छांविषयी बोलतो. रुग्णाला नेमके काय अनुभवाला येते आहे, याची काटेकोर नोंद मात्र फारशी कोणी करीत नाही. मेंदूविषयीच्या निराधार कल्पनाविलासाला यास्पर्स यांनी पुराणकथांच्या पंक्तीत बसवले, तेव्हा ज्येष्ठांना ते रुचले नसणार हे उघड आहे.

त्यांनी स्वतः काय केले? ते रुग्णाजवळ बसले आणि त्यांनी त्याला बोलू दिले. त्याच्याकडून त्याचे अनुभव लिहून घेतले आणि आपण लिहिलेले त्याच्या अनुभवाशी जुळते का, हे पुन्हा पुन्हा तपासले. वाचायला हे सोपे वाटते. पण ज्यांनी कधी तीव्र आजारातल्या माणसाशी तासभर बोलण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना ठाऊक आहे की ऐकणारा पाचव्या मिनिटाला स्वतःच्या मनाने वाक्ये पुरी करू लागतो. या मोहापासून दूर राहण्याची शिस्त यास्पर्स यांनी घडवली. एडमुंड हुसर्ल यांच्या तत्त्वज्ञानातून त्यांनी फिनॉमिनॉलॉजी हा शब्द घेतला आणि त्याला अगदी व्यवहारी अर्थ दिला: कारणमीमांसा बाजूला ठेवून, जाणिवेत जे जसे येते ते तसे मांडणे.

एक उदाहरण घेऊ. एका माणसाला आवाज ऐकू येतात. आवाज शिव्या देतात की देवाचे नाव घेतात, हा झाला आशय. तो गावागणिक, धर्मागणिक, काळागणिक बदलतो. पण तो आवाज बाहेरून, कानाने ऐकल्यासारखा येतो की मनाच्या आत उमटतो, तो एखाद्या आठवणीसारखा फिका आहे की समोरच्या माणसाच्या बोलण्याइतका ठसठशीत, आपल्या इच्छेने तो थांबवता येतो की नाही, हा झाला घाट. निदानाला उपयोगी पडतो तो घाट, आशय नव्हे. तीच गोष्ट भ्रमाची. शेजारी आपल्यावर विष घालतात असे एखादा सांगतो, तेव्हा शेजारी खरोखर दुष्ट आहेत की नाहीत यावर सारे अवलंबून नसते. ती खात्री कशी जन्माला आली, हे पाहावे लागते. काही भ्रमांमागे धागा सापडतो: भीती, अपमान, एकटेपणा, जुना संशय. काहींच्या आधी मात्र एक चमत्कारिक हवा निर्माण होते. जग तेच असते, पण सगळे काही बदलले आहे, काहीतरी घडणार आहे, असे वाटू लागते आणि मग एखादी क्षुल्लक वस्तू अचानक प्रचंड अर्थ घेऊन समोर येते. त्या क्षणी ऐकणाऱ्याची सहानुभूती हात टेकते.

येथूनच त्यांचा प्रसिद्ध भेद निघाला: समजून घेणे आणि कारण सांगणे. अपमान झाला म्हणून माणूस चिडला, हे आपल्याला आतून समजते. मेंदूत जंतुसंसर्ग झाला म्हणून बुद्धी ढासळली, हे बाहेरून सिद्ध करावे लागते. दोन्ही ज्ञानच, पण त्यांची जातकुळी निराळी. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये, हा यास्पर्स यांचा आग्रह. फ्रॉइड यांच्यावर त्यांचा जो रोष होता तो याच मुद्द्यावरून. समजून घेण्याच्या गोष्टीला कारणाचा मुलामा दिला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. हा रोष पुढे वयाबरोबर वाढत गेला आणि काही वेळा न्यायाची मर्यादा ओलांडून गेला, असे मला वाटते.

वरिष्ठांचा अभिप्राय काय होता? इतका हुशार मुलगा निरर्थक गोष्टींत वेळ दवडतो आहे, याची निस्ल यांना खंत वाटे. तरीही त्यांनी त्याला अडवले नाही. आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाणारे काम आपल्याच छपराखाली चालू देणारे वरिष्ठ कोणत्याही काळी विरळाच. पुढे ग्रंथ हाती आल्यावर त्यांनी त्याची मोकळेपणाने वाखाणणीही केली.

या वर्षांत यास्पर्स यांच्या पाठीशी आणखी एक व्यक्ती होती. १९०७ साली एर्न्स्ट मायर या मित्राने आपल्या बहिणीशी, गेरट्रूडशी त्यांची ओळख करून दिली. ज्यू व्यापारी कुटुंबातली, वयाने चार वर्षांनी मोठी. तिची एक बहीण दीर्घ मानसिक आजाराने ग्रासलेली होती, जवळच्या एका कवी मित्राने आत्महत्या केली होती आणि तिने स्वतः मनोरुग्णांची शुश्रूषा केली होती. १९१० मध्ये दोघांचा विवाह झाला. म्हणजे ज्या दुःखाचा यास्पर्स अभ्यास करीत होते ते गेरट्रूडच्या घरातच होते. मराठीत वेड हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो! क्रिकेटचे वेड, गाण्याचे वेड, प्रेमाचे वेड. पण घरात खरोखरच कुणाला तो आजार असेल तर त्या घरात हा शब्द उच्चारला जात नाही.

१९११ मध्ये विल्मान्स आणि प्रकाशक श्प्रिंगर यांनी या अठ्ठावीस वर्षांच्या साहाय्यकाला पाठ्यपुस्तक लिहिण्याची गळ घातली. गाठीशी अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. यास्पर्स यांनाही आपण हे पेलू का, अशी शंका होतीच, पण त्यांनी काम अंगावर घेतले. विषयाचा कणा म्हणून कोणताही एक सिद्धान्त न घेता त्यांनी पद्धती घेतल्या. प्रत्येक पद्धतीला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यांनी एकेका प्रकरणात मांडले. संपूर्ण माणूस कोणत्याच पद्धतीच्या कवेत येत नाही, ही जाणीव पानोपानी आहे. त्याच पुस्तकाच्या बळावर १९१३ मध्ये त्यांना अध्यापनाची पात्रता मिळाली. पण वैद्यक शाखेत जागा नसल्याने ती तत्त्वज्ञान शाखेत, मानसशास्त्रासाठी घ्यावी लागली. योगायोग म्हणावा की दैव, आयुष्याचा रूळ तेथे बदलला. १९१५ मध्ये रुग्णालय सुटले. १९२२ मध्ये ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि तत्त्वज्ञानाची रीतसर पदवी नसलेल्या या डॉक्टरकडे काही सहकारी तिरक्या नजरेने पाहत राहिले. रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध इतक्या लवकर तुटला, हा त्यांच्यावरचा आक्षेप रास्त आहे. वर्षानुवर्षे एकाच रुग्णाबरोबर राहिल्यावर जे कळते ते त्यांच्या ग्रंथात तुलनेने कमी आहे. स्किझोफ्रेनियाच्या काही अनुभवांपुढे समजून घेण्याचे दार बंदच होते, हे त्यांचे मत नंतरच्या अनेक तज्ज्ञांनी अमान्य केले. दार बंद आहे असे आधीच ठरवले, तर ठोठावणार कोण, हा त्यांचा प्रश्न.

त्या रुग्णालयाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. निस्ल यांच्यानंतर विल्मान्स प्रमुख झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी कार्ल श्नायडर आले. हे गृहस्थ मनोरुग्णांच्या पद्धतशीर हत्येच्या सरकारी योजनेचे सल्लागार बनले. त्यांनी हायडेलबर्गमध्ये एक संशोधन विभागही उभारला. तेथे मुलांच्या चाचण्या घेतल्या जात, नोंदी ठेवल्या जात, मोजमापे होत. मग मुलांना दुसऱ्या संस्थेत पाठवून ठार केले जाई, कारण नोंदी पूर्ण करण्यासाठी मेंदू हवा असे. अशा रीतीने आयशबेर्ग येथे मारल्या गेलेल्या एकवीस मुलांची माहिती पुढे उजेडात आली. ज्या इमारतीत यास्पर्स यांनी रुग्णाचे बोलणे लिहून घेतले, त्याच इमारतीत तीस वर्षांनी ही वही भरली गेली. श्नायडर यांनी १९४६ मध्ये कोठडीत आत्महत्या केली.

यास्पर्स यांचे स्वतःचे दिवसही फिरले होते. पत्नी ज्यू. १९३७ मध्ये प्राध्यापकपद गेले, १९३८ पासून लेखन प्रसिद्ध करण्यावर बंदी आली. पत्नीला सोडले असते तर बरेच काही परत मिळाले असते, पण तो विचार त्यांनी केला नाही. गेरट्रूडला कधी कधी मित्रांच्या घरी लपावे लागे. पकडायला आले तर दोघांनी एकत्र मरायचे असे ठरले होते आणि विष घरात तयार होते. अशा अवस्थेत, १९४१-४२ मध्ये, छापले जाण्याची काहीही आशा नसताना, त्यांनी आपल्या तरुणपणीच्या ग्रंथाचे नव्याने लेखन केले. तो दुपटीहून मोठा झाला. त्यांच्या कानावर आले होते, की दोघांच्या हद्दपारीसाठी १४ एप्रिल १९४५ ही तारीख मुक्रर झाली आहे. मार्चच्या अखेरीस अमेरिकन फौजा हायडेलबर्गमध्ये शिरल्या. ग्रंथाची ही आवृत्ती १९४६ मध्ये बाहेर पडली.

त्याचा इंग्रजी अनुवाद मात्र १९६३ साली झाला. त्याआधीच ही परंपरा माणसांच्या बरोबर जगभर पोचली होती. हायडेलबर्गचे विली मायर-ग्रोस १९३३ मध्ये परागंदा होऊन इंग्लंडमध्ये गेले. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेले पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्किझोफ्रेनियाचा नऊ देशांत पथदर्शी अभ्यास केला. त्यातील नऊ केंद्रांपैकी एक आपले आग्रा. सुमारे बाराशे रुग्णांच्या मुलाखती एकाच प्रश्नावलीने, निरनिराळ्या भाषांत घेतल्या गेल्या. आवाज बाहेरून येतो की आतून, विचार आपले वाटतात की कोणी घातलेले, असे त्यातले प्रश्न म्हणजे यास्पर्स यांच्या भेदांची थेट वंशावळ. आज एखाद्या शहरी रुग्णालयात नुकतीच पदवी घेतलेली संशोधन समन्वयक मुलगी हातात संमतिपत्र आणि गुणांकनाचा तक्ता घेऊन रुग्णासमोर बसते, तेव्हा तिला ते नाव ठाऊक असेलच असे नाही. तक्त्यात शून्य ते सहा अशी घरे असतात. रुग्णाने सांगितलेले कोणत्या घरात टाकायचे, हे तिला काही मिनिटांत ठरवायचे असते. दिवसाअखेरी तिच्या वरिष्ठांना हवे असतात ते आकडे. त्या आकड्यांत जे मावले नाही ते तक्त्याच्या समासात लिहून ठेवायला तिला वेळ मिळतो का, असा प्रश्न मनात येतो.

१९४८ मध्ये यास्पर्स स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. जगातील थोर तत्त्वज्ञांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी बुद्ध आणि नागार्जुन यांना सॉक्रेटिस आणि कांट यांच्या बरोबरीने स्थान दिले. तिशी न ओलांडण्याचे भाकीत ज्यांच्याविषयी वैद्यकाने केले होते, ते त्र्याऐंशी वर्षे उलटून आणखी तीन वर्षे जगले. २६ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी गेरट्रूड यांचा नव्वदावा वाढदिवस होता. त्यानंतर त्या आणखी पाच वर्षे जगल्या.